सहादूंचे तळवे

सातपूरच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं प्रेस मशिनशेजारी काढल्यावर सहादू पगारेंना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. तरी निवृत्तीनंतर जुन्या मोटारसायकली दुरुस्त करायचं गॅरेज त्यांनी काढलंच.

परवा स्नेहा नावाची शिक्षिका वडिलांची दोन कार्बोरेटरची गाडी घेऊन आली. गाडी धक्के खात होती. तीन मेकॅनिकांनी कार्बोरेटर बदलायला सांगितल्याचं तिने मोबाइलवर लिहून दाखवलं.

"बदलायचं काही नाही, ताई. दोघांचं एकमेकांशी जमत नाहीये," सहादू म्हणाले.

एअर फिल्टर काढून त्यांनी दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि तिला ॲक्सिलरेटर हळूच पिळायला सांगितला. आतली डावी झडप आधी उचलली जात होती, उजवी केसभर मागून. दोन्ही बोटांना हालचाल एकाच क्षणी लागेपर्यंत ते केबलचा ताण जुळवत राहिले. मग इंजिन सुरू करून ते कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवायचे आणि दोन्ही सायलेन्सरमागे तळवे धरून बघायचे. दोन्हीकडचे ठोके सारखे लागले, तेव्हाच त्यांनी स्क्रू फिरवणं थांबवलं.

स्नेहा चक्कर मारून हसत परतली आणि तिने सीटकडे बोट दाखवलं: आता तुम्ही.

"हॉर्न ऐकू येत नाही. तीन वर्षं चालवली नाही," ते संकोचून म्हणाले.

ती मागे बसली. मागून वाहन आलं की खांद्यावर थाप मारायची, असं खुणेनं ठरलं. त्र्यंबक रस्त्यापर्यंत सहा थापा पडल्या, आणि सहादूंनी प्रत्येक वेळी शहाण्यासारखी गाडी डावीकडे घेतली.