पिंपातल्या आंब्याची दृष्ट

सुपातली सुकट अर्धीच निवडून झाली होती, तेवढ्यात बायजाबाईंच्या सुपात एक पान येऊन पडलं. शेजारच्या पिंपातल्या आंब्याचं. टोकापासून काठाकाठाने करपत आलेलं, तव्यावर राहून गेलेल्या भाकरीच्या कडेसारखं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि मान वर करून वरच्या गॅलरीकडे नजर टाकली.

वर कांता राहायची.

माजिवड्यात आता जिथे ही इमारत उभी आहे, तिथे एकोणनव्वद सालापर्यंत बायजाबाईंचं अंगण होतं आणि अंगणात सासऱ्यांनी लावलेला शेंदऱ्या आंबा. जागा बिल्डरला दिली, खोल्या मिळाल्या, झाड गेलं. शेवटच्या फळाची कोय बायजाबाईंनी निळ्या पिंपात लावली. तिचंच हे छातीएवढं झाड, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत. शेंदऱ्याचं दुसरं रोप कुठेच नव्हतं. हे गेलं की तो आंबा संपला.

मार्च महिन्यात कांता दाराशी येऊन म्हणाली होती, "काय तुकतुकीत पानं आहेत हो मावशी, पिंपातलं झाड वाटतच नाही." चौथ्या दिवशी पहिल्या पानाचं टोक तपकिरी पडलं.

"ऊन लागला असंल," गोपीनाथ म्हणाले. बायजाबाईंच्या यजमानांचा जन्म मिठागरात गेलेला. आता ते दिवसभर पेपर वाचायचे.

"ऊन काय आताच पडाय लागला? नजर हाय ती. मना कलतं."

त्या दिवसापासून दर शनिवारी आणि अवसेला त्या झाडाची दृष्ट काढू लागल्या. मुठीत खडेमीठ आणि मिरच्या घेऊन सात वेळा उतरवायच्या. पूर्वी ते चुलीत जायचं. गॅसवर मिरच्या टाकल्या की सगळा जिना खोकत सुटायचा, म्हणून बायजाबाई मूठ पिंपातल्या मातीतच पुरायच्या. मीठ विरघळलं की नजर विरघळली, असा हिशेब.

नजर काही विरघळेना. पानं खालून वर करपत चालली. मग त्यांना वाटलं, कांता कठड्यावर वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यात काहीतरी कालवून ते झाडावर गळू देत असणार. त्यांनी खाली वाडगा ठेवून थेंब धरले, वास घेतला. नुसतं पाणी. तरी बोलणं बंद झालं. कांताकडचा सत्यनारायणाचा प्रसाद त्यांनी घेतला, डोळ्यांना लावला आणि खाल्ला मात्र नाही. ते मनाला टोचत होतं, पण संशय त्याहून जड होता.

आज पान हातात घेऊन त्या पिंपाशी वाकल्या. कीड दिसते का बघत होत्या. कीड नव्हती. पिंपाच्या आतल्या कडेला मात्र पांढरी साय धरली होती. बायजाबाईंनी बोट लावून जिभेवर टेकवलं. मिठागरावर वाढलेली जीभ ती, चुकायची नाही.

मीठ.

म्हणजे झाड मिठाने मारतेय ही कांता. वाटी घेऊन त्या तडक वर गेल्या, तिच्याकडचं मीठ बघायला.

"मीठ दे गो थोडा. संपलाय."

"बोललात तरी मावशी. मला वाटलं, जन्माचा अबोला धरलात." कांताने बरणी उघडली. मीठ रव्यासारखं बारीक, पुड्यातलं.

"खडेमीठ नाय तुझ्याकडं?"

"कधीच आणत नाही हो, कुटत कोण बसणार? आणि भरदुपारी मागताय म्हणून देतेय. दिवेलागणीला आला असतात, तर तसंच परत पाठवलं असतं."

बायजाबाई हसल्या नाहीत. खाली येऊन त्यांनी उलथन्याने माती उकरली. दोन बोटं खाली मळकट, जाडे खडे निघाले. सोबत मिरचीचं देठ. खडे त्यांच्याच बरणीतले होते. पहिलं पान उन्हाने गेलं असेल. बाकीची त्यांनीच घालवली होती.

गोपीनाथ चष्मा सावरत आले. उकरलेलं बघून मिशीत हसले. "मिठागर सुटला, तं तू गॅलरीत नवा काढलास."

"थट्टा नंतर करा. झाड वाचंल का तेवढा बोला."

त्यांनी शेंड्याला हात लावला. तिथे एक तांबूस कोंब होता, नखाएवढा. "जीव हाय. पन वर छप्पर, पावसाचा पानी लागत नाय. खालच्या भोकात तू चिंधी कोंबलीस."

"खालची बाई वरडते, पानी गलतं म्हून."

"मंग मीठ जाईल कुठं? चिंधी काढ, खाली घमेला ठेव. हे खडे येचून काढ आनि गोडा पानी सोड. दोन बादल्यांनी नाय व्हायचा, धार लागू दे तासभर."

तासभर धार. बायजाबाईंच्या नळाला पाणी संध्याकाळी अर्धा तास यायचं. गच्चीतल्या टाकीला लावायची लांब रबरी नळी सगळ्या इमारतीत एकाच बाईकडे होती.

त्यांनी चिंधी ओढून काढली. कांताच्या मिठाची वाटी देवापुढे ठेवली, क्षणभर डोळे मिटले. सुकट सुपातच राहिली. पदर सारखा करून बायजाबाई जिन्याकडे वळल्या, कांताकडून रबरी नळी मागून आणायला.