बाळंतविड्यातल्या सुकेळ्या

ये गं, जवळ सरक. हे वाचताना तो मोबाइल बाजूला ठेव, माझ्या मांडीशी बसल्यासारखी बस. धुळं काय परदेशात आहे? असोद्याहून निघालं तर अर्ध्या दिवसात तुझं दार येतं, आणि बारसं होऊन गेलं तरी तुला आईला एक फोन करवत नाही. रागावले आहे मी. पण मेलं तोंड वर करून रागवायची सोय नाही मला.

दुसऱ्या बाळंतपणाला तू सासरीच राहिलीस, म्हणून बाळंतविडा मी तिकडे घेऊन आले. टोपडं, झबलं, डिंक, खोबरं, सगळं होतं. खारीक तेवढी मूठभर. दुकानदार म्हणाला, "अक्का, ही पाकिस्तानातून यायची, आता बंद. उरलीय तिचा भाव विचारू नका."

आपल्या घराला हे नवं नव्हतं. आपली केळी सावद्याहून सीमेपर्यंत जायची, तिकडून खारीक यायची. रमजानच्या सुमाराला घड तयार व्हावेत म्हणून तुझे बाबा लागवडीची वेळ सांभाळायचे. मग सरकारनं तिकडच्या मालावर जबर जकात लावली, त्यांनी आपली केळी घेणं थांबवलं, आणि शेवटी सीमेवरचं फाटकच बंद झालं. आमची केळी बागेत, त्यांची खारीक तिकडे.

तर मी काय केलं, घरच्या केळीच्या सुकेळ्या केल्या, गच्चीवर वाळवून. तपकिरी, सुरकुतलेल्या, खारकेसारख्याच दिसत होत्या. ताटाची रिकामी बाजू त्यांनी भरली. वाळलं की केळ्याचं थंडपण जातं, असं माझं मीच ठरवून टाकलं.

तुझ्या सासूबाईंनी एक उचलून पाहिली. "विहीणबाई, हाई काय शे?"

मी खरं ते सांगितलं. घरच्या केळ्याच्या सुकेळ्या आहेत, सीमा बंद आहे, खारीक मिळत नाही.

शेजारची म्हणाली, "अगं बाई, विहीणबाईंची खारीक मिलिटरीनं अडवली वाटतं." जमलेल्या सगळ्या बाया हसल्या. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "बाळंतिणीला केळं? पोराला खोकला झाला म्हणजे?"

आणि तू पलंगावरून हात लांब केलास, एक सुकेळी उचललीस आणि सगळ्यांदेखत खाल्लीस. "गोड आहे," म्हणालीस.

त्यांच्या हसण्याचं काही नाही गं. तुझ्या त्या दोन शब्दांनी माझी मान खाली गेली. ओल्या बाळंतिणीनं आईची लाज राखायची? मी निघाल्यावर तुला काय काय ऐकावं लागलं असेल, ते विचारायचीही हिंमत झाली नाही. बारशाला पाय दुखतात म्हणून आले नाही. पाय चांगले ठणठणीत होते.

तू रागावली आहेस की मला सांभाळून घेते आहेस, ते इथं बसून कळत नाही. म्हणून लवकर ये. बाळाला घेऊन ये, सासूबाईंनाही आण, मी बोलावलंय म्हणावं. जेवायला काय करायचं ते मग बघू, आधी मला तुझं तोंड बघू दे.