भिकाजीपंतांचा ओटा

पुस्तकाची किंमत त्याच्या पहिल्या पानावर छापलेली असते, असे शिकलेले लोक मानतात. जव्हारला आलेल्या पुस्तकांच्या पहिल्या पेटीची खरी किंमत मला ठाऊक आहे, कारण ती डहाणू रोड स्टेशनावरून माझ्याच बैलगाडीतून आली. घाटात एका बैलाचा खूर फुटला, माझा अख्खा दिवस झाडाखाली वाया गेला, आणि रात्री दवाने पेटी भिजू नये म्हणून पेटीच्या मालकांनी अंगावरचे उपरणे तिच्यावर पांघरले व स्वतः कुडकुडत बसले. असा तो हिशेब.

ते मालक म्हणजे भिकाजीपंत, ज्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे. संस्थानच्या शाळेचे ग्रंथपाल म्हणून ते तेव्हा नुकतेच रुजू होण्यास निघाले होते. बैल बसला तसा मी वैतागून विचारले, की या पेटीत दगड भरले आहेत काय. पंतांनी वाद घातला नाही. पेटी उघडली, एक पुस्तक काढले आणि ते मला वाचून दाखवू लागले. बैल उठला तेव्हा मला वाटले, आणखी थोडा बसता तर बरे झाले असते.

पुढे एका गाडीच्या चार झाल्या, मग लाकडाची वखार झाली. पण त्या पेटीची ओढ काही सुटली नाही. आज निःसंकोच सांगतो, त्या ग्रंथालयाच्या कपाटांतले एकही पुस्तक माझ्या तावडीतून सुटलेले नाही. आमच्याकडच्या पदवीधरांनी या बाबतीत माझ्याशी पैज लावू नये.

पुस्तके शाळेची होती, पण बाजाराच्या दिवशी पंत ती बाहेर ओट्यावर आणीत आणि मोठ्याने वाचीत. साखरशेत, जामसर, दाभोसा इथून भात-नाचणी विकायला आलेली माणसे पाटी टेकवून ऐकत. घरची बोली निराळी असल्याने एखादा शब्द अडला, तर पंत थांबत आणि त्यांच्याच बोलीत सांगत. पंत हळवेही फार. कोणाच्या मरणाचा प्रसंग आला की पान घाईने उलटीत. मला तो आवाज कळे. मी म्हणे, "पंत, मधले राहिले." ते ओशाळून मागे येत.

त्यांचा स्वर ऐकणे मला धंद्यातही उपयोगी पडले. जंगलाचा पहिला ठेका घ्यायच्या वेळी त्याच्या शर्ती मी त्यांच्यापुढे ठेवल्या. दुसऱ्याच्या व्यवहारात सल्ला देणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी सरळ वाचून दाखवले. फक्त एका कलमाशी आवाज खाली गेला. मी तो ठेका सोडला. ज्याने घेतला, त्याने नंतर गाडीबैल विकले.

असे चालले असता दरबाराने ग्रंथालयाची पाहणी करण्यास एक तपासनीस पाठवले. त्यांचा अहवाल वाईट गेला, तर पुस्तके कचेरीत कुलपाआड जाणार आणि ओटा बंद होणार, हे सर्वांना माहीत होते. साहेबांनी कपाटे पाहिली, पुस्तके उलटीसुलटी केली, आणि बाहेर पाहून म्हणाले, की ग्रंथालयात शांतता हवी. हा तर बाजार आहे. वाचायचे ते मनात वाचावे. पंत "बरे" म्हणाले.

नेमका तो बाजाराचाच दिवस. गेल्या खेपेला एका प्रवासवर्णनातली बोट वादळात सापडली होती आणि पंतांनी तिथेच पुस्तक मिटले होते. माणसे येऊन बसली. पंतांनी खूण काढली आणि मनात वाचू लागले. कोणी उठले नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. पंतांच्या भुवया चढल्या की बाया तोंडाला पदर लावीत. ओठ हलला की पुढे सरकत. शेवटी जामसरच्या लहानूबाबांना राहवेना.

"मास्तर, बोट बुडली का नाय, तेवढाच सांग. आमाला घर गाठायचाय."

पंतांनी आत बसलेल्या साहेबांकडे बोट दाखवले. साहेब बाहेर आले आणि कसली बोट म्हणून विचारू लागले. लहानूबाबांनी त्यांना डोलकाठी कशी मोडली, पाणी कुठवर आले, सारे सांगितले. या बाबांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. साहेबांनी पुस्तक मागून घेतले आणि उभ्या उभ्या वाचू लागले. एक पान उलटले, दुसरे उलटले.

"आता याची पण वाचा गेली," लहानूबाबा म्हणाले.

ओटा हसला. साहेबही हसले आणि पुस्तक पंतांच्या हाती देऊन म्हणाले, "मोठ्याने वाचा. नाहीतर ही मंडळी मला खाऊन टाकतील."

"आणि नियम?" पंतांनी विचारले.

"नियम आतल्या खोलीचा. ओटा बाहेर आहे."

बोट बुडाली नाही. साहेब शेवटपर्यंत बसले. ऐकणाऱ्यांना वाचकांतच धरावे आणि पावसासाठी ओट्यावर पडवी घालावी, असे त्यांनी अहवालात लिहिले. पडवीची लाकडे माझ्या वखारीतून गेली. आता पुस्तकांची एक पेटी मोखाड्यालाही जाते, आणि लहानूबाबांची नात तिकडच्या बायांना वाचून दाखवते. पंतांच्या हातचे ते रोप चांगलेच धरले आहे.

पंतांचे डोळे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो आणि त्यांच्या हातून अजून पुष्कळ पेट्या उघडल्या जावोत, ही प्रार्थना. यात माझा स्वार्थ आहे. हा ग्रंथ छापून आला की ते मला तो वाचून दाखवतील आणि या लेखातली स्तुती गाळू पाहतील. मी पानाच्या आवाजावर त्यांना पकडीन. लेख मी सांगितला आहे, लिहिला आहे वखारीच्या कारकुनाने. मला वाचता येत नाही.