शिशाच्या कवचातली वीज
मनसाराम खोब्रागडे मोहल्ल्यातला पहिला इंजिनियर. घुग्घुसजवळच्या एका कोळसा खाणीत तो विजेच्या खात्यात लागला, तेव्हा विहारात सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या शेजारच्या लहानूभाऊनं. लहानूभाऊ त्याच खाणीत केबलचे जोड करायचा.

त्र्याऐंशी साली खाणीतल्या मोठ्या केबली तापू लागल्या. मधल्या तारेतून वीज धावली की बाहेरच्या शिशाच्या कवचातही वीज उपजते. कवचाची दोन्ही टोकं जमिनीला जोडलेली असली की ती तिथंच फिरत राहते आणि केबल भाजून काढते. म्हणून विजेच्या खात्याच्या साहेबांनी एक टोक सोडवलं. केबली थंड झाल्या, पण मनसारामला चैन पडेना. त्या मोकळ्या टोकाशी विजेचा दाब किती चढत असेल? नागपूरच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर त्यानं अख्खी केबल आकड्यांत मांडली. रोजच्या भाराला भीती नव्हती. पण कुठं शॉर्ट झालं, तर त्या क्षणी ते टोक माणसाचा जीव घेईल, असं उत्तर आलं.

साहेबांनी कागद बाजूला सारले. "ही कागदावरची वीज आहे, खोब्रागडे. टोकाला दाब जमिनीत उतरवणारी पेटी बसवायची तर काम बंद ठेवावं लागेल. पावसाळ्यानंतर पाहू."

त्याच आठवड्यात मनसाराम लहानूभाऊकडे जेवला. अंबाडीची भाजी मागून घेतली, कॉम्प्युटरच्या गमती सांगितल्या. त्या मोकळ्या टोकाचं तेवढं सांगितलं नाही. वर कळवलं म्हणजे आपलं काम झालं, असं त्याला वाटलं.

श्रावणात एका सकाळी लहानूभाऊ त्या टोकावरचा चिखल पुसत होता. कवचाला सगळेच बेलाशक हात लावत. खाली पंपाच्या मोटरीत शॉर्ट झालं आणि लहानूभाऊ जागच्या जागी गेला.

चौकशीत मजुराचा निष्काळजीपणा ठरला. मनसाराम आपले आकडे घेऊन गेला. ते कोणी हातातही धरले नाहीत.

लहानूभाऊची बायको वच्छला अंगणात बसली होती. मनसारामनं तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"तुमाले हे अगुदर मालूम होतं?"

"हो, वहिनी."

"मंग त्याइले काऊन नाई सांगतलं? रोज तं दिसत होते तुमाले."

ती उठून आत गेली.

पेटी महिन्याभरात बसली; त्यासाठी काम अर्धा दिवसही बंद ठेवावं लागलं नाही. वच्छला माहेरी जिवतीकडे निघून गेली, ती परतली नाही. मनसाराम नोकरीतच राहिला. घरात कोणाशी तो धड बोलेनासा झाला. विहारात जाणंही त्यानं सोडलं.