दोन माणसांत एक पाव

आमच्या घरात बारा वर्षं लढाई चालू होती, आणि तीसुद्धा जर्मनांची. शेजारीण विचारायची, तुमचे दादा दिवसभर दिसत नाहीत ते? मी सांगायची, खंदकात असतात, चहाच्या वेळेला वर येतात. ती हसायची. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीही हसायची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चौतीस वर्षं त्याने एका इस्पितळाच्या स्वयंपाकघराचं कोठार सांभाळलं. पोती, डबे, किल्ल्यांचा जुडगा आणि कानावर पेन्सिल. निवृत्त झाला त्याच महिन्यात रद्दीच्या दुकानातून चार जाडजूड बाडं उचलून घेऊन आला. पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन तुकडीच्या कारकुनाने खंदकात बसून रोज लिहिलेली रोजनिशी. कोणा हौशी माणसाने तिचं इंग्रजी करून, टाइप करून, बांधून घेतलेलं होतं, आणि त्याच्या मागे घरच्यांनी ते वजनावर विकून टाकलं होतं. मी म्हटलं, घरात उंदरांना खायला कमी पडतंय म्हणून आणलंस का हे? त्याचं लक्ष कुठे होतं! तो उभ्याउभ्या वाचत होता. त्या कारकुनाची एक खोड होती. वरून गोळे पडोत की चिखल मांडीपर्यंत येवो, दिवसाची शेवटची ओळ ठरलेली, आज इतके पाव आले. दोन माणसांत एक पाव, असं त्यांचं प्रमाण.

"लढाया सगळेच लिहितात," दादा म्हणाला. "ही माणसं जेवली की नाही, ते मी लिहितो."

मग काय विचारता! गॅसचं सिलिंडर आणून देणाऱ्यालासुद्धा त्याने सोडलं नाही. खंदक सरळ का खणत नाहीत, नागमोडी का खणतात, सरळ खणला तर एका गोळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंतची माणसं कशी जातात, आणि तो बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन ऐकतोय. जर्मन लोकांनी जमिनीखाली तीस-तीस फूट भुयारं खणली होती, लाकडी पायऱ्या होत्या, एकावर एक फळ्यांचे पलंग होते, उवा मारायला मेणबत्ती होती, हे सगळं आमच्या घरात पाठ झालं. जर्मन नावं दादाच्या जिभेला वळत नव्हती, म्हणून त्याने प्रत्येकाला त्याच्या धंद्यावरून नाव पाडलं. शिंपी, गवंडी, तारवाला, घड्याळजी, आचारी. मोरी तुंबली की वहिनी म्हणायची, आज तुमच्या गवंड्याच्या भुयारात पाणी शिरलं वाटतं. ती माणसं जणू आमच्याकडे राहायलाच आली होती.

आणि ती मरायची. लढाईच ती, मरणारच. पण दादाला ते सोसायचं नाही. तारवाला तुटलेली तार जोडायला वर गेला आणि परत आला नाही, त्या दिवशी दादाने ताट बाजूला सारलं. शिंपी गेला तेव्हा तर चार दिवस अन्नाला शिवला नाही. त्यात साखरेचा आजार, गोळ्या चालू आणि पोटात काही नाही. न्हाणीघरात धाडकन पडला, कपाळाला सात टाके. डॉक्टरीणबाईंनी वहिनीलाच फैलावर घेतलं, म्हणाल्या, पुन्हा असे उपाशी राहिले तर पुढच्या वेळी उठायचे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या कुठल्या शिंप्यासाठी घरच्या जिवंत बाईचा जीव टांगणीला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाडं रद्दीत टाकते म्हणून मी थयथयाट केला. वहिनी मात्र एक शब्द बोलली नाही.

दहाव्या वर्षी काचबिंदूने दादाचे डोळे खाल्ले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. खिडकीकडे तोंड केलं की उजेड कळायचा, तेवढाच. पुस्तक अर्ध्यावर आणि तो असा चाचपडत फिरतोय, पानांवरून नुसता हात फिरवतोय, हे बघवत नव्हतं. त्याचा सगळा जीव त्या पुस्तकात अडकला होता. म्हणायचा, एवढं खरं खरं लिहून होऊ दे, मग माझं काय व्हायचं ते होवो. शेवटी आम्ही वाटणी केली. वहिनी शाळेत इंग्रजी शिकवायची, तर तिने सकाळी बाड वाचून त्याला आपल्या भाषेत सांगायचं. दुपारी त्याने तोंडी सांगायचं आणि मी वहीत उतरवून घ्यायचं, मग टाइप करायचं. मी कचेरीत तीस वर्षं टाइप केलंय, हाताला सवय होती.

आणि काय सांगू, दादा सुधारला! दोन वेळा नीट जेवायला लागला. गालावर मांस आलं. एकदा म्हणालासुद्धा, आपल्या तुकडीचं नशीब पालटलं बघ, हल्ली कोणी जात नाही. मीही मठ्ठ. मला वाटलं, असेल बुवा.

एक दिवस टाइप करताना एक तारीख बघायला मी तिसरं बाड उघडलं. माझ्या वहीत त्या तारखेला घड्याळजी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर घरी गेला होता. बायकोच्या स्वयंपाकघरातलं बंद पडलेलं घड्याळ त्याने दुरुस्त केलं होतं. चार पानं भरली होती त्या सुट्टीने. बाडात तो त्याच तारखेला मेला होता. मी पानं मागेपुढे चाळली, तर ठिकठिकाणी समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका. प्रत्येक ठिपक्याला एक माणूस गेलेला. बाड घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेले. वहिनी भांडी पुसत होती. तिने हात कोरडे केले आणि बाड मिटलं.

"पुन्हा टाके मोजायचेत का, वन्सं?" ती म्हणाली.

मी बाड नेऊन जागेवर ठेवलं. त्या दिवसापासून मीही तिच्या कटात.

पण पावांचं आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. वहिनी मरण गाळायची, त्या जागी आपल्या मनाचं काही घालायची, पण शेवटची पावांची ओळ मात्र होती तशी वाचायची. पावात कोण मरतंय, असं तिला वाटलं. आणि हे कोणापुढे, तर ज्याने चौतीस वर्षं कोठार सांभाळलं त्याच्यापुढे!

एका दुपारी सांगता सांगता दादा थांबला. बोटं टेबलावर वाजवत राहिला. मग म्हणाला, जखमी होऊन गेले ते वजा, नवे आले ते धरून, ब्याण्णव माणसं आहेत. सेहेचाळीस पाव यायला हवेत. येतात तीस. त्याने वहिनीला मागचे महिने पुन्हा वाचायला लावले, फक्त शेवटच्या ओळी. पाव कमी कमी होत गेलेले. दादाने टेबलावर थाप मारली. आचारी पाव मारतोय, म्हणाला.

आता हे सांगायला हवं की इस्पितळात एकदा दूधभुकटीचे डबे कमी भरले होते आणि आळ दादावर आला होता. सात महिने त्याला घरी बसवलं. लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. पुढे डबे दुसऱ्याच कोणी पळवल्याचं कळलं, दादाला परत घेतलं, पण तोवर तो माणूस पसार झाला होता. ते दादाच्या मनात सलत राहिलं होतं. तो सगळा राग त्याने आचाऱ्यावर काढला. नऊ दिवसांत प्रकरण सांगून मोकळा झाला. सैनिक सलगमचं पाणी पितायत आणि हा मागच्या गावात पाव विकतोय, असं. एका दिवशी तर बाडात लिहिलं होतं की आज पाव नाहीत. त्यावर दादा म्हणाला, त्या दिवशी पठ्ठ्याने सगळेच हाणले. वहिनी उठून आत गेली. मी ते पाहिलं आणि काही विचारलं नाही.

इतिहासाचं एक त्रैमासिक होतं, दादाने प्रकरण तिकडे पाठवायला सांगितलं. टाइप मी केलं, पाकीट पेटीत मीच टाकलं. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं. नाही असं नाही. पण बारा वर्षांत पहिल्यांदा तो घरात शीळ घालत फिरत होता, माझी जीभच रेटेना.

ते छापून आलं. वर एका निवृत्त मास्तरांचं कौतुकाचं पत्र आलं, की असल्या चोराचं नाव जगाला कळलं पाहिजे. दादाने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. जेवायला बसताना त्याने वहिनीला सांगितलं की पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आचाऱ्याचं खरं नाव घालायचं, तू मला ते एकेक अक्षर करून सांग. वहिनीने हातातली वाटी खाली ठेवली.

"आचारी चोर नाही," ती म्हणाली. "माणसं गेली होती. मी ती जिवंत ठेवली."

दादाचा हात ताटात तसाच राहिला.

"किती?"

"बत्तीस."

मग त्याने तो पाव न आलेला दिवस वाचायला सांगितला, आहे तसा. वहिनीने बाड आणलं. पाव पोचवणारे दोघंही आदल्या दिवशी गेले होते, म्हणून त्या दिवशी आचारी स्वतःच पोती पाठीला बांधून निघाला. अर्ध्या वाटेवर गोळा पडला. पाव मिळाले, पण खाण्याजोगे राहिले नव्हते. आज पाव नाहीत. बाडात एवढंच होतं.

तू असं का केलंस, हे त्याने विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं. त्याने मला तिथल्या तिथे पत्र लिहायला बसवलं, की मी एका प्रामाणिक माणसाला चोर म्हटलं, चूक माझी आहे, कृपा करून पुढच्या अंकात छापा. आठव्या दिवशी संपादकांचं उत्तर आलं. फार गोड लिहिलं होतं. शंभर वर्षांनंतर वाईट वाटायला कोणी उरलेलं नाही, वाचकांना लेख आवडलाय, दुरुस्तीला अंकात जागा नाही, पुढचं प्रकरण कधी पाठवता? मी ते वाचून दाखवलं.

दादा पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. त्या दिवशी जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी जवळ गेले तर भिंतीशीच बोलावं तसं म्हणाला, "पाठीवर पाव घेऊन मेला गं तो. आणि मी त्याला काय केलं? बारा वर्षांचं सगळं खोटं झालं. पुन्हा लिहायला डोळे कुठून आणू?" पाकीट पेटीत टाकणारा माझाच हात, मी कुठल्या तोंडाने समजूत घालणार? डॉक्टरीणबाईंनी फोनवर गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर उचलून आणा, या वयात हे झेपायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने पलंगाला लागून खुर्ची ओढली. मांडीवर बाड होतं. दोन दिवसांत ती इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "एक आचारी झाला. अजून एकतीस जण आहेत. तुम्ही उठून जेवला नाहीत, तर मी त्यांतला एकही वाचणार नाही. राहू देत तसेच. जिवंत."

मला वाटलं, हिचंही डोकं फिरलं. आजाऱ्याला कोणी अशी धमकी देतं का? ती गंमत करत नव्हती. एकतीस माणसं तिने अशी मुठीत धरली होती आणि मूठ सोडणार नव्हती.

पलंग करकरला.

"वाढ," दादा म्हणाला.

मी ताट वाढून आणलं. तो पलंगाच्या कडेला बसून जेवला. औषध घ्यावं तसा एकेक घास गिळत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला तो थांबत नव्हता. ताटात शीतसुद्धा ठेवलं नाही. हात धुतले, पंच्याला पुसले.

"घड्याळजी," तो म्हणाला.

वहिनीने ठिपका शोधला आणि वाचलं. पहाटे पहाऱ्यावर असताना डोक्यात गोळी लागली. वस्तू घरी पाठवल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि तो सुट्टीवर गेला होता ते? बायकोचं घड्याळ चालू केलं ते?"

"ते माझं."

दादा मान खाली घालून बसला. वहिनी त्याच्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

"छान होतं ते," दादा म्हणाला. मग माझ्या दिशेने तोंड केलं. "खोड."

मी वही उघडली. चार पानं होती. पट्टी धरली आणि पहिल्या ओळीपासून खोडायला लागले.