आबासाहेबांचे यवन

प्राध्यापक आबासाहेब डबीर यांना साठ वर्षे पूर्ण झाली, म्हणून गौरव समितीने मला चार शब्द लिहायला सांगितले. चार शब्दांचे मला ओझे नाही. आबासाहेबांचे आयुष्यभराचे काम एकाच शब्दापायी अडून राहिले, त्याचा मात्र मला शीण आला आहे.

तो शब्द पहिल्या भेटीतच भेटला. मी नागपूरच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला रुजू झालो होतो. इतिहास शिकवणाऱ्या आबासाहेबांनी माझे नाव विचारण्याआधी विचारले, "केंद्र हा शब्द कोणाचा?"

"संस्कृत," मी म्हणालो.

"यवनांचा. म्हणजे ग्रीकांचा. बसा, चहा घ्या."

आपल्या पूर्वजांनी ग्रीकांना यवन म्हटले. पुढे लोकांनी तो शब्द मुसलमानांना लावला, तोही तुच्छतेने. आबासाहेबांनी तो जुन्या अर्थानेच वापरायचा, असे ठरवले होते.

वर्गात ते इराणी फौजेचा पराभव एका तासात उरकीत. अथेन्सची नाटके आणि शिल्पे मात्र सावकाश, रंगून सांगत. अथेन्स-स्पार्टाच्या भाऊबंदकीशी आले की खडू ठेवून म्हणत, "आपसांत भांडून संपले. पुढचे रोजच्या वर्तमानपत्रात वाचा."

एकदा त्यांचे जाहीर व्याख्यान ठेवले होते, विषय 'यवनांचे आपल्यावरील ऋण'. शहरात नुकताच दंगा होऊन गेलेला. पाच मिनिटांत मागून कोणी ओरडले, "काहून त्यांची तारीफ करून राहिले जी?" आबासाहेब अर्थ समजावू लागले, पण ऐकतो कोण? सभा उधळली. पारशिवनीचे एक शेतकरी तेवढे बसून राहिले.

"मले येवढंच सांगा जी, हे यवन मानसं कशी होती?"

"आपल्यासारखीच. हुशार होती अन् भांडून मेली."

"मंग आपलीच म्हना ना!"

आबासाहेब त्यांना घरी जेवायला घेऊन गेले. त्या दिवसाबद्दल विचारले, तर ते अजूनही 'व्याख्यान छान झाले' असेच सांगतात.

पुढे त्यांचा यवनांच्या इतिहासाचा ग्रंथ लिहून झाला. प्रकाशक संस्थेचे चिटणीस म्हणाले, "यवन काढा, ग्रीक घाला, उद्या छापतो." आबासाहेब म्हणाले, "शब्द आपण नासवला. शिक्षा त्याला कशाला?" ग्रंथ घरीच राहिला. मीही वर्षानुवर्षे त्यांची मनधरणी केली. इतिहासासाठी नव्हे, मला त्या वादाचा कंटाळा आला होता.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूमुळे त्यांचे वाचन थांबले. तेव्हा ते मला म्हणाले, "घाला ग्रीक. थकलो मी. पुस्तक एकदा हातात धरायचे आहे." जो होकार मी इतकी वर्षे मागत होतो तो मिळाला, आणि मला रडू आले.

दुरुस्त्या करायला मी बसलो खरा, पण पहिल्या पानावरचा पहिला यवनसुद्धा माझ्याने खोडवेना. शेवटी समितीशी भांडलो. शाल-श्रीफळ राहू द्या, ग्रंथ आपणच छापू, म्हटले. दोघे-तिघे रुसले. ग्रंथ आता छापखान्यात आहे आणि यवन जिथल्या तिथे आहेत.

आबासाहेबांना हे ठाऊक नाही. हा लेख कोणी वाचून दाखवील तेव्हा कळेल, आणि ते संतापतील. जरूर संतापावे. त्यांचे डोळे बरे होवोत, प्रकृती ठणठणीत राहो, आणि "मला न विचारता माझा शब्द ठेवलात कसा?" म्हणून मला रोज खडसावण्याइतके दीर्घ आयुष्य त्यांना लाभो.