रंभाबाईची लाथ

रंभाबाई पायाळू. मायच्या पोटातून आधी पाय बाहेर आले, म्हणून मोहल्ल्यात कोणाच्या कंबरेत चमक भरली का चालला तिच्या दारात. पाठमोरं उभं राहाचं, ती डाव्या पायानं कंबरेवर तीन लाथा हाणे. कोणाचा चहासुद्धा घेतला नाही तिनं. जो तिले वाईट म्हणते तो खोटारडा हाय.

बाहत्तर सालची गोष्ट. इतवारी सकाळी शेजारचा नत्थूजी कोष्टी भिंत धरत धरत आला. हातमागाच्या खड्ड्यात बसून बसून कंबर पार गेलेली.

"जोरात मार वं रंभाबाई. उद्या मागावरून लुगडं उतरवाचं हाय."

"जोरात कायले? घरी बायको मारत नाही का?"

लोक हासले. तिसऱ्या लाथेले नत्थूजी तोंडावर पडला.

"उठ ना गा, नाटक काहून करतं?" गर्दीतला एक म्हणाला.

"माहा पाय... माहा पाय कुठी हाय?"

हासणं बंद.

रिक्षात घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरीण भडकली. "मणका आधीच सरकलेला, त्यावर लाथ? कोणी मारली?"

रंभाबाई पुढं झाली.

"म्या," ती म्हणाली. "बाई, हा मागावर बसन का नाही, तेवढं सांगा."

"तीन आठवडे पडून राहू दे. मग रोज कमरेचा व्यायाम. केला तर बसेल. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

बाविसाव्या दिवशी रंभाबाई त्याच्या दारात हजर. त्याची बायको गोपिका आडवी झाली. "आली का वं, उरलेलं मोडाले?"

"हो. सरक."

ती आत घुसलीच, डॉक्टरनीकडून व्यायाम शिकून आलेली. "उताणे पडा. गुडघे मोडा. आता कंबर उचला. एक, दोन, तीन..." दहापर्यंत. मग पालथं पडून छाती उचलाची. तळवे तीच दाबून धरे.

"मेलो वं!"

"मेलेला बोंबलत नाही. उचला."

दोन महिने एक दिवस खाडा नाही. मग नत्थूजी खड्ड्यात उतरला, माग खटखट चालला. रंभाबाई दारात उभी राहून रडली. अन् तो साऱ्या गल्लीले आयकू जाईन असा ओरडला, "पाहा गा! रंभाबाईच्या लाथेनं मणका जाग्यावर बसवला!"

रंभाबाईनं डोळे पुसले. "अन् दोन महिने कंबर उचलली ते?"

"ते त डॉक्टरनीचं मन राखाले."

पुढच्या इतवारी रंभाबाईच्या दारात अकरा माणसं, पाठी करून, रांगेत. ती खाली बसली, दोन्ही पाय लुगड्याखाली दाबले.

"लाथ बंद. पडा खाली उताणे."

"अवं, इतक्या लांब उमरेडवरून का झोपाले आलो?"

नऊ जण शिव्या देत गेले. दोघं थांबले. एकाले त वाकताच येईना. त्याले तिनं खांद्याले धरून, हळूहळू, अंगणात निजवलं.